फायबरचा साचा घेण्याआधी प्लग कसा तयार करावा: क्युअरिंग, घासणी, वॅक्स आणि पीव्हीए

साचा प्लगवरून, म्हणजे ज्या मूळ वस्तूवर तो घेतला तिच्यावरून, सुटतच नाही. सुटला तर जेलकोटचे (साच्याच्या प्लगकडच्या गुळगुळीत थराचे) तुकडे प्लगला चिकटून राहतात. किंवा साचा छान निघतो, पण त्याच्या चकचकीत अंगावर लांबी (पुट्टी) भरलेल्या जागेच्या कडा नकाशासारख्या उमटलेल्या दिसतात. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: वॅक्स लावलं तेव्हा प्लग आतून पूर्ण कडक झालेला नव्हता. बोटाला कोरडा लागत होता, चमकत होता, पण लांबी, प्रायमर किंवा रंग अजून आकसत होता. वॅक्सची कंपनी बदलून किंवा पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, साचा सुटावा म्हणून वॅक्सवर फवारायचा पातळ पापुद्रा) एक हात वाढवून हे सुधारत नाही. म्हणून या लेखात वॅक्सच्या दिवसापेक्षा त्याआधीच्या दिवसांवर भर दिला आहे.

प्लगवर साचा चढतो तेव्हा नेमकं काय होतं

पॉलिएस्टर रेझिन कडक होताना उष्णता सोडतं. मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन थर दिले तर पृष्ठभाग हाताला चांगला गरम लागतो. घाईने पाच-सहा थर एकदम दिले तर तापमान सहज ८० अंशांच्या पुढे जातं. ही उष्णता प्लगमध्ये उतरते. प्लगवरची लांबी अर्धवट कडक असेल तर या उष्णतेत तिचं उरलेलं क्युअरिंग (रासायनिक क्रियेने कडक होणं) सुरू होतं आणि ती आकसते. वरचा जेलकोट नेमका त्याच वेळी घट्ट होत असतो, त्यामुळे खालची प्रत्येक हालचाल तो टिपून घेतो.

दुसरी गोष्ट स्टायरिनची. रेझिन आणि जेलकोट या दोन्हींत स्टायरिन असतं, आणि ते चांगलं तगडं सॉल्व्हंट आहे. अर्धवट कडक रंगात ते शिरतं, रंग फुगतो, सुरकुततो आणि शेवटी जेलकोटशी एकजीव होतो. वॅक्सचा थर इतका पातळ असतो की खालचा रंग मऊ पडल्यावर तो अडवू शकत नाही.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. लाकडात किंवा प्लास्टरमध्ये कोंडलेलं पाणी उष्णतेने वाफ होऊन वर येतं आणि सीलरला (छिद्रं बुजवणाऱ्या पहिल्या लेपाला) फोड आणतं.

या तिन्हींवर उपाय एकच. साच्याखाली प्लगला जी उष्णता मिळणार आहे, ती त्याला शेवटच्या घासणीच्या आधीच देऊन टाकायची. जे आकसायचं ते आधी आकसू द्यायचं, मग सपाट करायचं. उलट क्रमाने केलं तर कितीही मेहनतीची पॉलिश वाया जाते.

पॅटर्नमेकरचा प्लग आणि फायबरचा प्लग

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) करणारे कसबी हात पुष्कळ आहेत, आणि फायबरच्या कामाचे प्लगही अनेकदा त्यांच्याकडूनच करून घेतले जातात. टेपर (साचा सुटावा म्हणून दिलेला उतार), गोलाई, पार्टिंग लाइन (साचा जिथे दुभागतो ती रेघ) त्यांना शिकवावी लागत नाही. पण दोन फरक आधीच सांगून ठेवावेत. वाळूच्या साच्यासाठी पॅटर्नवर रंगाचे दोन-तीन हात पुरतात, जेलकोट मात्र ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचा ओरखडाही उतरवतो. आणि ओतकामासाठी धातू आकसण्याची जी वाढ धरतात, ती इथे धरायची नाही. मापं साध्या पट्टीची घ्यायची.

टेपर किमान २ ते ३ अंश ठेवा. खोल भाग असेल तर जास्त. आतल्या कोपऱ्यांना कमीत कमी ३ मिमी गोलाई द्या, कारण काटकोनात मॅट बसत नाही, मागे हवा राहते आणि साच्याची धार पहिल्याच वापरात उडते.

आणखी एक, जी बऱ्याच जणांना नडते. पॅटर्नसाठी सागवान वापरायची आपल्याकडे सवय आहे. सागवानात नैसर्गिक तेल असतं. थेट त्यावर पॉलिएस्टर दिलं तर ते नीट पकडत नाही आणि काही ठिकाणी कडकही होत नाही. शिसवीचंही तेच. अशा लाकडावर ॲसिटोनने दोन वेळा पुसून पहिला सीलर इपॉक्सीचाच द्या.

मूळ वस्तू कशाची आहे, त्यावरून सुरुवात

पुढे उदाहरणासाठी ट्रॅक्टरच्या छताचा प्लग धरू: ४ बाय ४ फूट, कडा धरून सुमारे २० चौरस फूट, म्हणजे १.९ चौरस मीटर.

एमडीएफ, प्लायवूड किंवा लाकूड असेल तर आधी ओलावा मोजा. पिनवालं मॉइश्चर मीटर महाग नाही. ८ ते १० टक्के उत्तम, १२ च्या वर काम सुरू करू नका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्या शेडमधलं लाकूड या मर्यादेत क्वचितच बसतं. जून ते सप्टेंबर या काळात तुकडे बंद खोलीत आठ-पंधरा दिवस दिव्यांच्या उबेत ठेवावे लागतात, आणि त्याला पर्याय नाही. एमडीएफची सपाट बाजू कमी पिते, कापलेली कड भरपूर पिते. म्हणून सपाट भागाला सीलरचे दोन हात, कडांना तीन ते चार. पहिल्या हातानंतर तंतू उभे राहतात, ते १८० नंबरने खाली घ्या आणि मगच दुसरा हात. मागची बाजूही सील करा. ती उघडी राहिली तर प्लग तिकडून ओलावा घेतो आणि पुढे वाकतो.

प्लास्टर ऑफ पॅरिस अर्ध्या तासात घट्ट होतं आणि तिथेच फसगत होते. १०० किलो प्लास्टरला रासायनिक क्रियेसाठी जेमतेम १८ ते १९ किलो पाणी लागतं. कालवताना आपण ६० ते ८० किलो घालतो. उरलेलं सगळं पाणी हवेतच उडून जायला हवं. वाळलं की नाही हे हात लावून कळत नाही, वजन करून कळतं. रोज एकाच वेळी काट्यावर ठेवा. लागोपाठ दोन दिवस वजनातली घट अर्ध्या टक्क्याच्या आत आली, म्हणजे १२ किलोच्या वस्तूला ६० ग्रॅमपेक्षा कमी, की प्लास्टर वाळलं. उन्हाळ्यात एक इंच जाडीला आठ-दहा दिवस पुरतात, पावसाळ्यात पंखा आणि ऊब देऊनही तीन आठवडे लागू शकतात. घाई म्हणून ४५ अंशांपर्यंत तापवू नका. कोरडं होत आलेलं प्लास्टर जास्त उष्णतेत स्वतःच्या घडणीतलं पाणीही सोडायला लागतं आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो.

वाळलेल्या प्लास्टरला सीलर म्हणून चपडा (लाख) चांगला चालतो. पहिला हात पातळ, १ लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा, म्हणजे तो आत शिरेल. नंतरचे दोन हात २०० ते २५० ग्रॅमचे, दोन हातांत चार तासांचं अंतर. हवा दमट असेल तर चपडा पांढरट पडतो. असा पांढरा डाग ओलाव्याचा पुरावा आहे, त्यावर पुढचा हात मारू नका. चपडा उष्णतेने मऊ होतो, त्यामुळे अशा प्लगवर साच्याचे थर दिवसाला एक किंवा दोनच द्यायचे.

थर्माकोल पॉलिएस्टरच्या थेंबाने विरघळतं. पीयू (पॉलियुरेथेन) फोम विरघळत नाही, पण भोकं भरावी लागतात. थर्माकोलवर इपॉक्सी आणि चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या काचकापडाचे दोन थर द्या. इपॉक्सीचा हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच घ्यायचा, लवकर व्हावं म्हणून वाढवायचा नाही. जास्तीचा हार्डनर तसाच आत राहतो आणि वरच्या पॉलिएस्टरला कडक होऊ देत नाही. इपॉक्सीवर दमट हवेत तुपकट पापुद्रा येतो. तो पॉलिश पेपरने घासला तर आणखी आत जातो. आधी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुवा, सुकवा, मग १२० नंबर मारा. पॉलिएस्टरचा हात देण्याआधी इपॉक्सीला पाच ते सात दिवस द्या.

जुना फायबरचा किंवा रंगवलेला भाग प्लग म्हणून वापरायचा असेल तर धोका सिलिकॉनचा आहे. गाडीच्या पॉलिशमध्ये ते बहुतेकदा असतं. वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने दोन वेळा, प्रत्येक वेळी नव्या कापडाने पुसा, आणि पुसून झाल्यावरच घासा. आधी घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांत बसतं.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पमध्ये होतात तशा मूर्तिकामात शाडूची मूळ मूर्ती असेल, तर ओल्या शाडूवर थेट फायबर घेऊ नये. त्यावर आधी सिलिकॉन रबर घ्यावं आणि रबराला आधार म्हणून बाहेरून फायबरचं कवच. पुढचं सगळं विवेचन कडक प्लगसाठी आहे.

लांबी

फक्त पॉलिएस्टर लांबी वापरा, म्हणजे हार्डनरची ट्यूब सोबत येते ती. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी नको, कारण ती सॉल्व्हंट उडून वाळते, आठवडाभर आकसत राहते आणि स्टायरिन लागलं की पुन्हा मऊ होते. भिंतीची लांबी तर अजिबात नको.

१०० ग्रॅम लांबीला २ ग्रॅम हार्डनर. तराजूवर करा. उन्हाळ्यात दीड ग्रॅमपर्यंत उतरता येतं, हिवाळ्यात पहाटे अडीच-तीनपर्यंत चढता येतं, त्यापलीकडे दोन्हीकडे नुकसानच आहे. कमी पडला तर लांबी मध्यभागी कायमची मऊ राहते. जास्त झाला तर उरलेला हार्डनर वरच्या थरात झिरपतो. फेटू नका, पट्टीने दाबून-पसरून एकरंग करा. फेटलं की हवा शिरते आणि घासताना सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात.

एका वेळी ३ मिमीपेक्षा जाड भरू नका. वीस-पंचवीस मिनिटांत लांबी घासण्याजोगी होते, पण आकार आणण्यापुरतीच ती तयार झालेली असते. खोल जागी भरलेली लांबी किमान ४८ तास ठेवा आणि मग पुन्हा सरळ पट्टी लावून बघा. जिथे उजेड दिसेल तिथे दुसरा पातळ हात द्या. लांबीही पाणी पिते, त्यामुळे उघड्या लांबीवर ओली घासणी करायची नाही.

वरचा थर: पॉलिएस्टर की पीयू

दोन मार्ग चालतात. डुको म्हणजे एनसी रंग आणि साधा एनॅमल हे दोन्ही बाद समजा. डुको स्टायरिनमध्ये विरघळतो. एनॅमल महिन्याभरानेही सुरकुततो.

पहिला मार्ग पॉलिएस्टर सरफेस कोट किंवा आयसो (आयसोफ्थॅलिक रेझिनचा) जेलकोट. तो ०.४ ते ०.५ मिमी जाड देता येतो, ठोकळ्याने घासून सपाट करता येतो, आणि पुढे येणाऱ्या साच्याच्याच जातीचा असल्यामुळे स्टायरिनला घाबरत नाही. साच्याच्या प्लगसाठी आमचा कौल यालाच. आपल्या छताला ०.५ मिमीसाठी सुमारे १.२ किलो लागतो. स्प्रेमध्ये उडणारा माल धरून दीड किलो काढा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पॉलिएस्टरचा हवेला लागलेला पृष्ठभाग कडक होत नाही, कारण हवेतला ऑक्सिजन तिथली रेणू जुळण्याची साखळी तोडतो. आत दगड, वर चिकचिक. साच्यात जेलकोट खालच्या बाजूला झाकलेला असतो म्हणून हे जाणवत नाही. प्लगवर तो उघडा असतो. म्हणून शेवटच्या हातात मेणाचं द्रावण घालतात: ५ टक्के पॅराफिन असलेलं स्टायरिनचं द्रावण, १०० ग्रॅम जेलकोटला ३ ते ४ ग्रॅम. मेण वर तरंगून येतं आणि हवा अडवतं. हे मेण आधीच्या हातांत घालायचं नाही, नाहीतर पुढचा हात पापुद्र्यासारखा सुटतो. आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी हा हात देऊ नका. फार उष्ण हवेत मेण विरघळलेलंच राहतं, वर येत नाही, आणि चिकचिक तशीच राहते. सकाळी सातच्या आत काम उरका.

हार्डनर १.५ टक्के धरा. दीड किलोला साडेबावीस ग्रॅम. हा हार्डनर पाण्यापेक्षा जड असतो, त्यामुळे मिलिलिटरच्या मापाने घेतलात तर साधारण २० मिलिलिटर भरेल. १ टक्क्याच्या खाली कधीही जाऊ नका. एकदा कमी हार्डनरने आळलेलं पॉलिएस्टर नंतर कितीही तापवलं तरी पूर्ण ताकदीला येत नाही. थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा १५ च्या आसपास असतो तेव्हा, अडीच टक्क्यांच्या वर हार्डनर ओतण्यापेक्षा शेड आणि प्लग २० अंशांच्या वर न्या. डबाही आदल्या रात्री उबदार खोलीत ठेवा.

कोबाल्ट (हार्डनरची क्रिया वेगाने सुरू करणारं द्रावण) जेलकोटमध्ये आधीच मिसळलेलं आहे का, हे विक्रेत्याला विचारून डब्यावर लिहून ठेवा. वेगळं घालायचं असेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत. भडका उडतो. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या फळीवर, मापायची भांडी वेगळी. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते: चष्मा लावूनच मापायचा, आणि उडालाच तर लगेच वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं डोळा धुऊन थेट दवाखाना. हार्डनरने भिजलेली फडकी कचऱ्यात टाकू नका, पाण्याच्या बादलीत टाका. ती आपोआप पेटू शकतात.

दुसरा मार्ग टू-के (रंग आणि हार्डनर असे दोन भाग मिसळायचा) पीयू रंग. चमक सुंदर येते, पण थर ०.०६ ते ०.०८ मिमीचाच असतो, घासताना चटकन फुटतो. खाली टू-के प्रायमर हवाच. पीयूला सात दिवस द्या, पावसाळ्यात दहा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर फवारू नका. पीयूचा हार्डनर पाण्याशी क्रिया करून वायू सोडतो आणि रंगात बारीक फुगे किंवा मंदपणा येतो. हा फवारा छातीला घातक आहे. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, किमान ऑरगॅनिक व्हेपरची (सॉल्व्हंटची वाफ अडवणारी) कॅट्रिज असलेला मास्क लागतो.

काँप्रेसरची टाकी रोज सकाळी खालून रिकामी करा आणि लाइनला पाणी-तेल अडवणारा फिल्टर लावा. शेजारी शेल कोअर किंवा डायकास्टिंगचं (ओतकामाचं) काम चालत असेल तर तिथे सिलिकॉनचा स्प्रे सर्रास मारतात. त्याचा अंश हवेतून आला तरी जेलकोटमध्ये माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. अशा शेडमध्ये फवारणी सुट्टीच्या दिवशी, प्लॅस्टिकचा पडदा लावून करावी.

ऊब देणं

सरफेस कोट दिल्यावर २४ तास तसाच ठेवा. मग मेणाचा वरचा थर २२० ने कोरडा घासून काढा. कागद लगेच भरत असेल, म्हणजे घासणीची पूड उडण्याऐवजी कागदावर गोळे धरत असेल, तर अजून एक दिवस थांबा.

आता ऊब. प्लगभोवती ताडपत्रीचा तंबू करा, आत ५०० वॅटचे दोन हॅलोजन तीन फुटांवर, आणि इन्फ्रारेड थर्मामीटर. तासाला दहा अंश या गतीने ४५ ते ५० अंशांवर न्या आणि सहा ते आठ तास तिथे ठेवा. लाकडाला ५० च्या वर नेऊ नका, वाकतं. प्लास्टरला ४० पुरे, थर्माकोलला ४५. ताडपत्री दिव्याला चिकटता कामा नये, आणि शेडमध्ये ॲसिटोन किंवा ताज्या रेझिनचा वास असेपर्यंत हॅलोजन लावायचे नाहीत. दिवे बंद केल्यावर तंबू लगेच काढू नका, रात्रभर हळूहळू निवू द्या. उन्हात ठेवून हे काम होतं असं अनेक जण मानतात, पण उन्हात एक बाजू ६० आणि दुसरी ३५ असते आणि मोठा प्लग मुरगळतो.

निवल्यावर ट्यूबलाइटखाली तिरकं बघा. ट्यूबचं प्रतिबिंब पृष्ठभागावरून सरकवत न्या. लांबीच्या कडेवर ती पांढरी रेघ किंचित दचकते, वाकते किंवा तिथे जाड होते. ती जागा पेन्सिलने घेरा. हीच ती जागा जी साच्यात उमटली असती.

कडकपणा तपासायला आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर ॲसिटोनचा बोळा पंधरा सेकंद घासा. बोळ्यावर रंग आला, पृष्ठभाग चिकट झाला किंवा नख रुतलं, तर क्युअरिंग बाकी आहे. जुन्या रंगवलेल्या भागावर रंग भराभर निघाला तर तो डुको आहे, खरवडून काढावा लागेल.

घासणी

घासणीआधी काळ्या रंगाचा अगदी पातळ, तुटक फवारा मारा. ठोकळ्याने घासल्यावर काळं जिथे राहतं तो खड्डा, जिथे लगेच जातं तो उंचवटा. ठोकळा १२ ते १६ इंच लांब हवा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खाचा उतरतात, आणि त्या चमक आल्यावरच दिसतात.

क्रम असा: २२०, ३२० कोरडे, मग पाण्यात ४००, ६००, ८००, १०००, १२००. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. प्रत्येक नंबरची दिशा आधीच्या दिशेला तिरकी ठेवा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते दिसतं. नंबर बदलताना प्लग, ठोकळा, हात आणि पाणी चारही बदला किंवा धुवा. ४०० चा एक कण १००० च्या पाण्यात राहिला तर तो तासभराची मेहनत खातो. नंबर गाळू नका. ४०० वरून थेट १००० ला गेल्यावर चमक येते, पण तिच्याखाली ४०० चे ओरखडे जिवंत असतात आणि जेलकोट त्यांच्यात आकडा घालतो.

घासताना थर फुटून लांबी उघडी पडली तर तिथेच थांबा. त्या ठिकाणी वॅक्स शोषलं जातं आणि साचा नेमका तिथेच पकडतो. पुन्हा सरफेस कोट, पुन्हा ऊब, पुन्हा घासणी. हे ऐकायला कंटाळवाणं आहे, पण प्लगसकट साचा फोडण्यापेक्षा तीन दिवस स्वस्त पडतात.

ओल्या घासणीनंतर एक रात्र सुकू द्या. मग सिलिकॉन नसलेलं रबिंग कंपाउंड, लोकरी पॅड, १,२०० ते १,५०० आरपीएम. मशीन एका जागी थांबवू नका. नंतर प्लग पुन्हा २४ तास ठेवा आणि ट्यूबची रेघ पुन्हा बघा. ती सरळ असेल तरच पुढे.

वॅक्स

कार्नोबाचं (पामच्या पानांपासूनचं मेण), सिलिकॉन नसलेलं मोल्ड रिलीज वॅक्सच. गाडीचं पॉलिश चालत नाही. नव्या प्लगला सहा ते आठ हात. एका वेळी २ बाय २ फूट एवढाच भाग घ्या, धुतलेल्या बनियनच्या कापडाने गोल फिरवत अगदी पातळ लावा. आपल्या पूर्ण छताला एका हातासाठी मोठ्या सुपारीएवढं वॅक्स पुरतं. पाच-दहा मिनिटांत पांढुरकं धुकं दिसलं की दुसऱ्या स्वच्छ कापडाने हाताने चमकवा.

दोन हातांत तासाभराचं अंतर, आणि चौथ्या हातानंतर रात्रभर विश्रांती. वॅक्समधलं सॉल्व्हंट उडायच्या आत पुढचा हात दिला तर तो आधीचा हात विरघळवून पुसून काढतो: आठ वेळा लावलं तरी प्लगवर एकच हात असतो. कोपरे आणि खाचांत वॅक्स साचतं. ते लाकडी काडीला कापड गुंडाळून काढा, नाहीतर साच्यात त्याचाच उंचसखलपणा येतो. गरम प्लगवर किंवा उन्हात वॅक्स लावू नका.

तपासणीला मास्किंग टेप लावून ओढा. कुठेही जोर लागता कामा नये. धार, कोपरे आणि खोल जागा विशेष तपासा, कारण चमकवताना तिथलंच वॅक्स निघून जातं.

पीव्हीए

पहिल्या साच्याला पीव्हीए वापरावाच. त्याने चमक थोडी मंदावते हे खरं, पण साचा नंतर पॉलिश करता येतो, अडकलेला साचा सोडवता येत नाही. ब्रशने नको, त्याचे पट्टे साच्यात येतात. १.४ मिमी नोझलच्या गनने, ४० ते ४५ पीएसआयवर, पहिला हात नुसत्या धुक्यासारखा. तो दहा मिनिटांनी धरला की दुसरा, मग तिसरा थोडा ओला. पहिल्याच फवाऱ्यात ओला मारला तर वॅक्सवरून तो थेंब होऊन गोळा होतो.

पीव्हीए पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो, त्यामुळे चपड्याच्या प्लगवर वॅक्स कुठे विरळ असेल तर तो चपड्याला खातो. कोरड्या हवेत पापुद्रा तासाभरात वाळतो. पावसाळ्यात तीन-चार तासही लागतात, आणि वाळल्यावरही तो हवेतून ओलावा घेत राहतो. म्हणून फवारल्या दिवशीच जेलकोट द्या. रात्र मध्ये गेली आणि बोटाला किंचित जरी चिकट लागला तर पाण्याने धुऊन, सुकवून, वॅक्सचा एक हात देऊन पुन्हा फवारा. ओल्या पीव्हीएवर जेलकोट सुरकुततो आणि तो दोष साच्याच्या अंगावर कायमचा राहतो.

नमुना तुकडा

प्लगसोबत पहिल्या दिवसापासून एक फूट बाय एक फुटाचा तुकडा तयार करत न्या: तेच लाकूड, तीच लांबी, तोच सरफेस कोट, तीच ऊब, तितकेच वॅक्सचे हात, तोच पीव्हीए. प्लगवर जेलकोट देण्याच्या आदल्या दिवशी या तुकड्यावर जेलकोट आणि ४५० ग्रॅम मॅटचे दोन थर द्या. दुसऱ्या दिवशी लाकडी पाचर घालून सोडवा. टक्कन सुटला, चमक सारखी आली, लांबीची कड दिसली नाही, तर प्लग तयार. प्लगवरचा आदल्या दिवशीचा पीव्हीए मात्र वापरू नका, तो जेलकोटच्या सकाळीच फवारायचा.

तो दिवस

पूर्ण काम एमडीएफच्या प्लगला कोरड्या हंगामात बारा ते पंधरा दिवस घेतं, पावसाळ्यात तीन-चार आठवडे. ऑर्डर घेताना ग्राहकाला हेच दिवस सांगा. जमत असेल तर मोठे प्लग ऑक्टोबर ते मार्चमध्ये उरकून ठेवा.

जेलकोटच्या सकाळी प्लगचं आणि शेडचं तापमान सारखं आहे ना, ते थर्मामीटरने बघा. रात्री थंड झालेल्या प्लगवर सकाळच्या दमट हवेत न दिसणारं दव बसतं, आणि त्यावर पीव्हीए किंवा जेलकोट मारला की जागोजागी मंद डाग येतात. अशा वेळी अर्धा तास दिव्यांची सौम्य ऊब द्या, दिवे बंद करून बाजूला घ्या आणि मग पीव्हीए. तो वाळला की टूलिंग (साच्यासाठीचा) जेलकोट ०.६ ते ०.८ मिमी: आपल्या छताला ०.६ मिमीसाठी सुमारे १.४ किलो. पातळ राहिलेली जागा हमखास सुरकुतते, म्हणून ओल्या थराची जाडी मोजायचा कंगवा वापरा. बोट टेकवल्यावर चिकट लागतो पण बोटाला रंग येत नाही, या अवस्थेला जेलकोट आला की ३०० ग्रॅम मॅटचा पहिला थर, एकच, आणि त्या दिवसापुरतं काम तिथेच थांबवा.